घरची बोली आणि शाळेतली अडचण

चि. भाचीबाईस,


तू विचारलं आहेस की वर्गात जी मुलं तोंड उघडत नाहीत, ज्यांना दोन वर्षांतही अक्षरं लागत नाहीत, त्यांच्या आईबापांना ‘घरी गोंडी बंद करा, शाळेची भाषा बोला’ असं सांगावं का. सांगू नकोस. तुझ्या आधीच्या कित्येक गुरुजींनी हा सल्ला चांगल्या मनानंच दिला असेल, पण त्याला आधार नाही. आपल्या आदिलाबाद जिल्ह्यात, पेनगंगेच्या अलीकडे, बेला-जैनदपासून इंद्रवेल्ली-उटनूरपर्यंत एका वर्गात मराठी बोलणारं आंधांचं पोर, गोंड-कोलामांची मुलं, तांड्यावरची लमाणी बोलणारी आणि घरी तेलुगू किंवा उर्दू असलेली अशी सगळी शेजारी-शेजारी बसतात. अशा ठिकाणी ‘हे मूल मंद आहे’ हे वाक्य फार लवकर तोंडात येतं. मूल कोणत्या भाषेत अडतं आहे, हे मात्र कुणी विचारत नाही.

तपासायचं नेमकं हेच आहे. भाषा शिकण्याचीच मुळात अडचण असेल, तर ती मुलाच्या सगळ्या भाषांत दिसते. घरी आजीशी गोंडी बोलतानाही वाक्य तुटतं, शब्द सापडत नाही, ऐकलेली गोष्ट पुन्हा सांगता येत नाही. शाळेत गप्प बसणारं मूल घरी भावंडांशी घडाघडा भांडत असेल, तर अडचण त्याच्यात नाही, त्याला नवी भाषा शिकवण्याच्या आपल्या रीतीत आहे. चुकांकडेही असंच बघ. गोंडी, कोलामी आणि तेलुगूत एकवचनात पुरुष एका गटात आणि बाकी सगळं दुसऱ्या गटात जातं. अशा घरातलं मूल शाळेच्या मराठीतल्या तीन लिंगांत घोटाळणारच. रोजच्या तेलुगू बोलण्यात महाप्राण सहसा उमटत नाहीत, म्हणून ‘भात’ऐवजी ‘बात’ लिहिलं जातं. या चुका नियमानं येतात आणि सरावानं जातात. अमराठी घरातल्या अशा चुकांना वाचनदोष म्हणणं म्हणजे आपल्या अज्ञानाचं ओझं मुलाच्या डोक्यावर ठेवणं. आज ऐकलेला शब्द उद्या पुन्हा नवा वाटणं, घरच्या भाषेतही सूचना निम्मीच कळणं, ही लक्षणं वेगळी. ती दिसली की थांबायचं नाही.

यावर पहिला आक्षेप असा की आधीच अडणाऱ्या मुलावर दोन भाषांचा भार कशाला? ऐकायला हे पटतं. पण 2003 मध्ये जोहान पॅराडिस आणि सहकाऱ्यांनी कॅनडातल्या फ्रेंच-इंग्रजी मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. भाषिक अडचण असलेली द्विभाषिक मुलं आणि तशीच अडचण असलेली एकभाषिक मुलं त्यांनी ताडून पाहिली. दोन भाषांमुळे अडचण वाढलेली आढळली नाही. इंग्लंडमध्ये 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत, दुसरं कोणतंही कारण न सापडता भाषा शिकण्याची अडचण असलेली मुलं शंभरात सुमारे सात निघाली. म्हणजे एकच भाषा बोलणाऱ्या मुलांतही ही अडचण काही विरळ नाही. उलट घरची बोली बंद केली की आई आपल्याला धड न येणाऱ्या भाषेत तुटक बोलू लागते आणि मुलाच्या कानावर पडणारी भाषाच आटते. गोष्टी, भांडणं, आजीच्या म्हणी सगळं जातं. ज्याला भाषा जास्त ऐकायला हवी, त्यालाच कमी मिळते.

मुलाची घरची भाषा शाळेत आणण्याचा विचार आपल्या भागाला परका नाही. 1940 च्या दशकात मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेंडॉर्फ यांनी मारलवाई गावात गोंड शिक्षक घडवले आणि गोंडी वाचनाची पुस्तकं देवनागरीत काढली. निजामाच्या नोकरीत इथं आलेले सेतुमाधवराव पगडी स्वतः गोंडी शिकले. सरकारी अधिकाऱ्याला जे जमलं, ते शिक्षकाला पन्नास-साठ शब्दांपुरतं तरी जमावं.

दुसरा आक्षेप तुझाच आहे आणि तो वजनदार आहे: गोंडी किंवा कोलामी जाणणारा वाचातज्ज्ञ आणायचा कुठून? मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रानं 2015 मध्ये वाचनदोषासाठी ‘डाली’ ही चाचणी हिंदी, मराठी, कन्नड आणि इंग्रजीत आणली. पण मराठी घरच्या मुलांवर बेतलेली मोजपट्टी कोलाम मुलाला लावली तर उत्तर चुकणारच. म्हणून तज्ज्ञाच्या आधीचं काम तुला करावं लागेल. अडणाऱ्या मुलाची त्याच वस्तीवरच्या, त्याच वयाच्या मुलाशी तुलना कर. आईला विचार की धाकटं भावंड याच्या पुढे गेलं आहे का. आणि सगळ्यात आधी कान. कान वाहणारं मूल वर्गात लक्ष देत नाही म्हणून शिक्षा भोगत असतं. त्याला आदिलाबादच्या रिम्स रुग्णालयात पाठव. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून एकदा शाळेत आणि दोनदा अंगणवाडीत येणं अपेक्षित असतं; ते येईल तेव्हा नावं तयार ठेव. मंडलातल्या, विशेष गरजा असलेल्या मुलांसाठीच्या भविता केंद्राच्या शिक्षकांशीही ओळख करून घे.

‘याचा बापही उशिरा बोलला, बोलेल हळूहळू’ असं म्हणणारे म्हातारे तुला भेटतील. त्यांना तोडून बोलू नकोस. काही मुलं खरंच उशिरा बोलून सावरतात. पण आज कोणतं मूल सावरेल हे कुणालाच सांगता येत नाही, आणि वाट पाहून हातचं वय जातं. अडीच वर्षांचं मूल कोणत्याही भाषेत दोन शब्द जोडत नसेल, तर लगेच दाखवायला सांग. वाचनाचं तसं नाही. आपल्या लिप्यांत मात्रा आणि जोडाक्षरं इतकी आहेत की ती बसायला काही वर्षं लागतात, म्हणून पहिलीतच वाचनदोषाचा शिक्का नको. शिक्क्याला भिऊन काहीच न करणं मात्र त्याहून वाईट. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात वाणी-भाषा दोष आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता दोन्ही आहेत. 2018 च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांत अध्ययन अक्षमतेच्या प्रमाणपत्रासाठी आठ वर्षं पूर्ण होण्याची आणि चौदाव्या, अठराव्या वर्षी पुन्हा तपासणीची अट होती. तपासणाऱ्यासमोर घरच्या भाषेची माहिती ठेवणारी तू एकटीच असशील. तिसरीतली मुलं आता त्याच वयाला आली आहेत. प्रत्येकाची घरची भाषा, त्या भाषेतलं बोलणं, कानांची तपासणी आणि चुकांचे नमुने तारखेसह वहीत लिहायला याच आठवड्यात घे.

तुझा,
मामा