उसाच्या फडाशेजारची उमेदवारी

विद्यार्थ्याने सुट्टीचे काही आठवडे वनरक्षकांच्या हाताखाली राहून निसर्गरक्षणाचे काम शिकावे, हा उपक्रम अमेरिकेत १९५७ साली ऑलिंपिक व ग्रँड टीटन या राष्ट्रीय उद्यानांत सुरू झाला. एलिझाबेथ कुशमन या विद्यार्थिनीने आपल्या महाविद्यालयीन प्रबंधात तो सुचविला होता. आम्ही यास ‘उमेदवारी’ हा आपला जुना शब्द योजतो. राजस्थानच्या वाळवंट राष्ट्रीय उद्यानात अशा उमेदवाराला पहिला धडा पाऊल जपून टाकण्याचा मिळेल. कारण माळढोकाची मादी उघड्या जमिनीवर, बहुधा एकच, अंडे घालते. त्या उद्यानाच्या हद्दीत गावेही आहेत, गुरेही चरतात. माणूस वगळून तेथे रक्षण होत नाही.

जुन्नर-आंबेगावात वाळवंट नाही, परंतु हाच प्रश्न येथे अधिक तीव्र आहे. कुकडी व घोड नद्यांवरील धरणांचे पाणी शिवारात खेळू लागले, ऊस वाढला आणि वर्षातील बराच काळ उभ्या असणाऱ्या त्या दाट पिकात बिबट्याने आसरा घेतला. पिल्लेही तेथेच जन्मतात. भीमाशंकरच्या अभयारण्यात शेकरू पाहावयास आमचे विद्यार्थी आनंदाने जातात. पण त्यांची खरी उमेदवारी फडाशेजारी व्हावी, असे आमचे मत आहे. कित्येकांच्या घरची शेळी वा कुत्रा बिबट्याने नेला आहे. म्हणून ‘सगळे बिबटे पकडून लांब का सोडत नाहीत?’ हा त्यांचा प्रश्न आम्ही कधीही बालिश मानीत नाही.

उत्तर याच वनविभागाच्या अनुभवात आहे. २००१ पासून येथील शेतांतून बिबटे पकडून दूरच्या जंगलांत सोडण्यात आले. विद्या अत्रेय व सहकाऱ्यांनी २०११ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार १९९३ ते २००१ या काळात माणसांवरील हल्ले वर्षाला सरासरी ४ होते. स्थलांतर सुरू झाल्यावर, २००१ ते २००३ मध्ये, ते १७ झाले. जेथे सोडले त्या बाजूसही हल्ले झाले. हे दोन आकडे आम्ही फळ्यावर लिहितो आणि कारण मुलांनाच शोधावयास सांगतो. अनोळखी मुलखात बावचळलेले जनावर आणि रिकाम्या झालेल्या फडात शिरणारे दुसरे जनावर, येथवर चर्चा बहुधा पोहोचतेच. (खोडकर प्रश्नही येतात, येऊ द्यावेत.)

ऊसतोडीत पिल्ले सापडतात, तेव्हा ती उचलणे किंवा भोवती गर्दी करणे घातक असते. आई जवळच असते. वनखात्याचे लोक पिल्ले त्याच शेतात ठेवतात आणि रात्री मादी ती घेऊन जाते, असे या भागात वारंवार घडले आहे. ही माहिती घरी, वाडीवर सांगणे हेच उमेदवाराचे पहिले काम. दुसरे काम वहीचे: गोठा बंदिस्त आहे काय, अंगणात दिवा आहे काय, अंधारात कोणास उघड्यावर बसावे लागते काय, लहान मूल एकटे फडाकडे जाते काय. ठसे मोजावयाचे ते दिवसा आणि शिक्षकांसमवेतच. येथे धाडसास गुण नाहीत.

वृक्षारोपण आम्ही मुद्दाम शेवटी ठेवले आहे. जुन्नरजवळील मानमोडी डोंगराच्या लेण्यांत एका शक उपासकाच्या दानाचा लेख आहे: करंजाच्या झाडांसाठी एका गावी २० निवर्तने आणि वडांसाठी दुसऱ्या गावी ९ निवर्तने जमीन. झाडांबरोबर जमिनीची आणि ज्या श्रेणीशी हे दान निगडित आहे तिचीही त्यात नोंद आहे. आमच्याकडे रोप हाती मिळते ते, उन्हाळ्यात पाणी कोण घालणार त्याचे नाव वहीत लिहिल्यावर.