दर्शनाला की बघायला? जुने गोवे आणि राजिम : एक अभ्यासपाठ



यंदाच्या अभ्यास सहलीसाठी आपण दोन ठिकाणे निवडली आहेत. एक जुन्या गोव्याचे से कॅथेड्रल आणि दुसरे आपल्या अभनपुरहून जवळचे राजिमचे राजीवलोचन मंदिर. दोन्ही वास्तू इतिहासाच्या अभ्यासाच्या आहेत आणि दोन्हीकडे आजही रोज उपासना चालते. यादी घरी पोहोचल्यावर काही पालकांनी मला विचारले, "सर, मुले तिथे दर्शनाला जाणार की बघायला?" आपल्या तुकडीत वेगवेगळ्या धर्मांची मुले आहेत, तेव्हा प्रश्न रास्त आहे. सहलीआधी त्याचा नीट विचार व्हावा म्हणून हा पाठ लिहीत आहे.

१. कॅथेड्रल म्हणजे काय?

प्रत्येक मोठे चर्च कॅथेड्रल नसते. ज्या चर्चमध्ये बिशपचे आसन असते ते कॅथेड्रल. पोर्तुगीज भाषेतला 'से' हा शब्दही 'आसन' या अर्थाच्या लॅटिन शब्दापासून आला आहे. जुन्या गोव्याचे से हे गोव्याच्या आर्चबिशपांचे चर्च. अल्बुकर्कने २५ नोव्हेंबर १५१० रोजी गोवा जिंकला. तो संत कॅथरिनच्या सणाचा दिवस होता, म्हणून हे चर्च तिच्या नावाचे आहे. बांधकाम १५६२ मध्ये सुरू झाले, मुख्य इमारत १६१९ मध्ये पुरी झाली आणि १६४० मध्ये चर्चचा विधिपूर्वक अभिषेक झाला. दर्शनी बाजूच्या दोन मनोऱ्यांपैकी एक १७७६ मध्ये कोसळला. तो पुन्हा बांधला गेला नाही, त्यामुळे समोरून पाहताना इमारत एका बाजूला रिकामी वाटते.

रस्त्याच्या पलीकडे बॉम जेझूस बॅसिलिका आहे. तिचे काम १५९४ मध्ये सुरू झाले व १६०५ मध्ये तिचा अभिषेक झाला. १५५२ मध्ये निधन पावलेले संत फ्रान्सिस झेवियर यांचे अवशेष इथे आहेत. गोव्याची ही चर्चे आणि मठ १९८६ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आले.

२. अडचण कुठे येते?

भाविक आणि पर्यटक एकाच दाराने आत येतात, पण त्यांना हवे असलेले वेगळे असते. एकाला शांतता हवी, दुसऱ्याला माहिती. एक डोळे मिटून बसतो, दुसरा छायाचित्र काढण्यासाठी त्याच्यासमोर उभा राहतो. गाइड मोठ्याने बोलला नाही तर मागच्यांना ऐकू येत नाही, आणि बोलला तर प्रार्थना मोडते. इथे कोणाचाही हेतू वाईट नसतो. म्हणूनच हा प्रश्न निव्वळ रागावून सुटत नाही, त्याला आखणी लागते.

पाहणाऱ्याच्या सोयीने वास्तूचेही नुकसान होऊ शकते. बॅसिलिकेच्या बाहेरच्या भिंतींवर पूर्वी गिलावा होता. इमारत जुनी दिसावी म्हणून तो १९५० च्या दशकात काढला गेला. आतला जांभा दगड उघडा पडला, आणि जांभा पाणी शोषतो. तेव्हापासून गोव्याचा पाऊस त्या भिंती झेलत आहेत. से कॅथेड्रलच्या भिंती मात्र आजही पांढऱ्या गिलाव्याखाली आहेत. सहलीत दोन्ही इमारती शेजारी शेजारी पाहा, म्हणजे फरक लक्षात येईल.

३. जगाने शोधलेले तीन उपाय

पहिला उपाय वेळेचा. रविवारी सकाळी मिस्सा असते, म्हणून बॅसिलिका पर्यटकांसाठी इतर दिवसांपेक्षा उशिरा खुली होते. आग्र्याचा ताजमहाल शुक्रवारी पर्यटकांना बंद असतो आणि दुपारी तिथल्या मशिदीत नमाज होते. जुन्या गोव्यात साधारण दहा वर्षांनी झेवियर यांच्या अवशेषांचे जाहीर दर्शन असते. मागचे दर्शन २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५ या काळात झाले. त्यासाठी अवशेष बॅसिलिकेतून से कॅथेड्रलमध्ये नेले गेले. अशा दिवसांत वास्तुकला पाहायला आलेल्यानेही भाविकांच्या शिस्तीने चालायचे असते.

दुसरा उपाय जागेचा. मोठ्या चर्चमध्ये मुख्य सभागृहाच्या बाजूंना छोटी चॅपेल असतात. त्यांतले एखादे फक्त मूक प्रार्थनेसाठी राखता येते, मग बाकीच्या भागात लोकांनी फिरले तरी चालते.

तिसरा उपाय पैशाचा, आणि त्यावर सर्वांत जास्त वाद आहे. लंडनच्या वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीत पर्यटकांना तिकीट आहे, प्रार्थनेला येणाऱ्यांना नाही. पॅरिसचे नोत्र दाम कॅथेड्रल १५ एप्रिल २०१९ च्या आगीनंतर डिसेंबर २०२४ मध्ये पुन्हा उघडले. त्याआधी फ्रान्सच्या संस्कृतिमंत्र्यांनी पर्यटकांकडून ५ युरो घ्यावेत असे सुचवले होते. त्या पैशांतून देशातल्या इतर जुन्या चर्चची डागडुजी करता आली असती. चर्चने नकार दिला. दारातच 'तू भाविक की पर्यटक' अशी विभागणी करणे त्यांना मान्य नव्हते, कारण नुसता पाहायला आलेला माणूसही आत जाऊन प्रार्थनेला बसू शकतो. आता तिथे प्रवेश विनामूल्य आहे आणि गर्दी विभागण्यासाठी आगाऊ वेळ नोंदवण्याची सोय आहे.

मला पॅरिसच्या चर्चचे म्हणणे पटते. पण त्याची किंमतही समजून घ्या. तिकीट नसले तरी छताची डागडुजी करावीच लागते, आणि तो खर्च देणगीदारांना किंवा सरकारला उचलावा लागतो.

४. आपला कायदा काय सांगतो?

से कॅथेड्रल आणि राजीवलोचन मंदिर ही दोन्ही भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची संरक्षित स्मारके आहेत. १९५८ च्या प्राचीन स्मारक अधिनियमातले कलम १६ सांगते की जे संरक्षित स्मारक उपासनेचे स्थान आहे, त्याचा वापर त्या स्थानाच्या स्वरूपाशी विसंगत अशा कामासाठी होता कामा नये. म्हणजे दगड, छप्पर आणि शिल्पे यांची निगा सरकारने राखायची, पण ते करताना देवालयाचे नुसते संग्रहालय होऊ द्यायचे नाही. प्राधान्य कोणाला, हे इथे ठरलेले आहे. जागा आधी उपासनेची, आपण तिथे नंतर आलेले.

५. आता राजिम

गोव्यात जे पाहिले ते घराजवळ लावून पाहू. राजिम हे महानदी, पैरी आणि सोंढूर या नद्यांच्या संगमावर आहे. माघ पौर्णिमेपासून महाशिवरात्रीपर्यंत तिथे मोठी जत्रा भरते. राजीवलोचन हे विष्णूचे मंदिर. तिथल्या जगपालाच्या शिलालेखाचा काळ इसवी सन ११४५ आहे आणि मंदिर त्याहूनही जुने आहे. मंडपाच्या खांबांवर माणसाच्या उंचीच्या मूर्ती कोरलेल्या आहेत, आणि इतिहासाच्या विद्यार्थ्याला पाहायचे असते ते हेच खांब.

अडचण अशी की गाभाऱ्याकडे जाणारा भाविक याच खांबांमधून जातो. से कॅथेड्रलच्या प्रशस्त सभागृहात जागा वाटून घेता येते, राजिमच्या मंडपात ती सोय नाही. चाळीस मुले वह्या घेऊन खांबांभोवती उभी राहिली तर दर्शनाची वाट बंद होते. म्हणजे इथे उपयोगी पडतो तो वेळेचा उपाय. जत्रेचे दिवस टाळायचे, आरतीची वेळ टाळायची आणि तुकडी छोट्या गटांत आत पाठवायची.

पूर्वी राजिमला जाणारा छोट्या गाडीचा फाटा अभनपुरहून निघत असे. आता मोठ्या रुळाची गाडी आली आहे. येणारे वाढतील आणि त्यांत नुसते पाहायला येणारेही असतील. तेव्हा ही शिस्त आपल्यानंतर येणाऱ्यांनाही लागणारच.

६. सैन्याचे उत्तर

दर्शनाला की बघायला, या प्रश्नाला तिसरे उत्तरही आहे आणि ते सैन्याने जुन्या काळापासून पाळले आहे. पलटणीत मंदिर परेड असते, कुठे गुरुद्वारा परेड असते. अधिकाऱ्याचा स्वतःचा धर्म कोणताही असो, तो आपल्या जवानांबरोबर तिथे हजर राहतो. तो जोडे काढतो, डोके झाकायचे असेल तर झाकतो आणि रांगेत बसतो. त्याने प्रार्थना केलीच पाहिजे असे कोणी म्हणत नाही. पण तो प्रेक्षक म्हणूनही आलेला नसतो. जवानांना जे पवित्र वाटते त्याची राखण हे तो आपले काम समजतो.

आपली तुकडी याच नात्याने जाईल. ज्याला हात जोडायचे आहेत त्याने जोडावेत, ज्याला नकोत त्याने शांत उभे राहावे. दोघांच्याही वहीत खांबाचे चित्र असावे. कोणी कोणाला आग्रह करणार नाही आणि कोणी कोणाला हसणार नाही.

७. सहलीसाठी आज्ञा

गट दहा जणांचा. माहिती बाहेर आवारात सांगितली जाईल, आत कोणी व्याख्यान देणार नाही. खांदे आणि गुडघे झाकलेला पोशाख. प्रार्थना करणाऱ्याच्या समोरून जायचे नाही, मागून वळसा घ्यायचा. माणसांचे छायाचित्र काढायचे नाही. शिल्पाला हात लावायचा नाही. विधी सुरू झाला तर जिथे असाल तिथे थांबायचे, आणि तो लांबला तर गटनायकाने गट शांतपणे बाहेर काढायचा, मग पाहायचे राहून गेले तरी चालेल.

स्वाध्याय

१. कॅथेड्रल आणि बॅसिलिका यांच्या बाहेरच्या भिंतींत काय फरक आहे? तो का पडला?

२. पर्यटकांना तिकीट लावण्याच्या बाजूने दोन आणि विरुद्ध दोन मुद्दे लिहा.

३. तुमच्या गावातले एखादे देवालय, दर्गा किंवा चर्च निवडा. तिथे वेळ वाटून घेता येईल की जागा? नकाशा काढून दाखवा. हा प्रश्न घरच्या मोठ्या माणसांशी बोलून सोडवायचा आहे.