विजेची शिदोरी

रत्नागिरी जिल्ह्यातील दापोली तालुक्यात, भारजा नदी समुद्राला मिळते तेथे केळशी हे गाव वसले आहे. नारळी-पोफळीच्या वाड्यांच्या सावलीत नांदणारे हे गाव एरवी मोठे शांत असते. परंतु ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ नावाचे चक्रीवादळ कोकण किनाऱ्यावर आदळले. ताशी शंभर किलोमीटरहून अधिक वेगाच्या वाऱ्याने दापोली व मंडणगड तालुक्यांतील असंख्य झाडे उन्मळून पडली, घरांची छपरे उडाली, विजेचे खांब कोसळले आणि तारा तुटल्या. केळशीसारख्या गावांना त्यानंतर कित्येक दिवस विजेवाचून काढावे लागले.

अशा काळ्याकुट्ट रात्री विजेरीचे खरे मोल कळते. छपरातून पाणी गळत असते. ओल्या जमिनीवर विंचू-सर्प येण्याचे भय असते. आजाऱ्याला वेळेवर औषध द्यायचे असते. रस्ते झाडांनी अडलेले असल्यामुळे दुकानातून नवे सेल आणणेही शक्य नसते. घरात जे असेल, तेवढ्यावरच भागवावे लागते. प्रवासाला निघताना जशी शिदोरी बांधून घेतात, तशी संकटासाठी विजेचीही शिदोरी बांधून ठेवावी लागते. ती कशी निवडावी, हे आता पाहू या.

सेल दोन प्रकारचे असतात. पहिल्या प्रकारचे सेल एकदा वापरून संपले की निकामी होतात. त्यांच्यातील रासायनिक क्रियेने वीज उत्पन्न होते आणि ती द्रव्ये खर्च झाली की सेलचे कार्य संपते. दुसऱ्या प्रकारच्या सेलमध्ये बाहेरून वीज सोडली असता तीच क्रिया उलट दिशेने होते आणि सेल पुन्हा कामास योग्य होतो. गास्तों प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ साली असा शिशाचा घट तयार केला. पुढे १८९९ साली स्वीडनच्या वाल्डेमार युंगनर याने निकेल व कॅडमिअम यांचा घट बनविला. कॅडमिअम हा धातू विषारी आहे. म्हणून आज घरगुती वापरात त्याची जागा बहुतांशी निकेल-मेटल हायड्राइड या जातीच्या सेलने घेतली आहे. हे सेल शेकडो वेळा भरता येतात.

असा सेल विकत घेताना पुष्कळ लोक त्यावर छापलेला मोठा आकडा पाहून भुलतात. हा आकडा सेलची धारणाशक्ती सांगतो व तो मिलिअँपिअर-तास या मापात असतो. २५०० चा सेल २००० च्या सेलपेक्षा अधिक वीज साठवितो, हे खरे. परंतु साठविलेली वीज किती दिवस टिकते, हे तो आकडा सांगत नाही. भरलेला सेल नुसता ठेवला तरी आतल्या आत हळूहळू रिता होत असतो, आणि उष्ण हवेत ही क्रिया अधिक वेगाने घडते.

एक उदाहरण घेऊ. २५०० चा एक साधा सेल दर महिन्यास उरलेल्या विजेचा चौथा हिस्सा गमावतो, असे धरू. तीन महिन्यांनी त्यात सुमारे १०५५ एवढीच वीज उरेल. याउलट, वीज दीर्घकाळ टिकविणारे सेल २००५ सालापासून बाजारात आले आहेत. असा २००० चा चांगला सेल तीन महिन्यांनंतरही बहुतेक भरलेलाच असतो. रांजण मोठा, पण झिरपणारा. कळशी लहान, पण पक्की. तहान लागेल तेव्हा रांजणापेक्षा कळशीच अधिक कामास येते. म्हणून विजेरीसाठी केवळ साठा न पाहता टिकाव पाहावा. वर्षभरानंतर किती वीज शिल्लक राहते, हे अशा सेलच्या वेष्टनावर बहुधा छापलेले असते.

मात्र प्रत्येक उपकरणाला हा सेल योग्य असतोच असे नाही. भिंतीवरच्या घड्याळाला फार थोडी वीज लागते. त्यात साधा सेल वर्षभरही पुरतो. तेथे महाग सेल घालण्यात लाभ नाही. विजेरी, रेडिओ, मुलांची खेळणी यांना सेल वारंवार लागतात. तेथे हा खर्च भरून निघतो. आणखी एक भेद ध्यानात ठेवावा. साध्या सेलचा दाब १.५ व्होल्ट असतो आणि तो हळूहळू उतरत जातो. निकेल-मेटल हायड्राइड सेलचा दाब १.२ व्होल्ट असतो; तो बराच काळ स्थिर राहतो आणि अखेरीस एकदम कोसळतो. विजेरी मंद होऊन आधी सूचना देईल, या भरवशावर राहू नये. भरलेल्या सेलची दुसरी जोडी जवळ असावी.

सेल जितका चांगला, तितकाच चार्जरही चांगला हवा. काही स्वस्त चार्जर नुसते घड्याळाच्या हिशेबाने चालतात. सेल अर्धा भरलेला असला तरी ते ठरावीक वेळ वीज सोडीतच राहतात. त्यामुळे सेल तापतो आणि त्याचे आयुष्य घटते. चांगला चार्जर प्रत्येक सेलची स्वतंत्र परीक्षा करतो. सेल पूर्ण भरताच त्याचा दाब किंचित उतरतो. ही खूण ओळखून तो वीज थांबवितो. ५०० मिलिअँपिअरच्या चार्जरवर २००० चा रिता सेल भरण्यास हिशेबाने चार तास लागावेत. काही वीज उष्णतेत जात असल्यामुळे प्रत्यक्षात थोडा अधिक वेळ लागतो. पाच व्होल्टवर चालणारे काही चार्जर लहान सौर पट्टीवरही चालतात. वीज नसलेल्या गावी त्यांचा मोठा आधार होतो.

काही पथ्येही पाळावी लागतात. जुने व नवे सेल एकत्र घालू नयेत. दुबळा सेल आधी रिता होतो आणि इतरांच्या जोराने बिघडतो. एकदाच वापरण्याचा सेल चार्जरमध्ये कधीही ठेवू नये. तो गळतो, प्रसंगी फुटतोही. लिथिअम सेलसाठी त्याचाच चार्जर वापरावा. दुसरा वापरल्यास आग लागण्याचा धोका असतो. समुद्रकाठच्या खारट हवेने उपकरणातील पत्र्यांना गंज चढतो. म्हणून ते कोरड्या फडक्याने पुसावेत. निकामी सेल उकिरड्यावर टाकू नयेत किंवा जाळू नयेत. २०२२ साली भारत सरकारने केलेल्या नियमांप्रमाणे ते परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे.

किनाऱ्यावर राहणाऱ्यांनी मे महिना सरण्यापूर्वी घरातील सर्व सेल एकदा भरून, विजेरीत घालून पाहावेत. कौले शाकारणे, लाकूडफाटा भरणे ही पावसाळ्यापूर्वीची कामे कोकणात पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहेत. त्यांच्यात या एका कामाची भर घातली, तर अंधाऱ्या रात्री घरात हाताशी उजेड राहील.

स्वाध्याय

१. मोठ्या आकड्याचा सेल नेहमीच अधिक उपयोगी का नसतो?
२. घड्याळात साधा सेल घालणे योग्य का ठरते?
३. ८०० मिलिअँपिअर-तासांचा रिता सेल २०० मिलिअँपिअरच्या चार्जरवर भरण्यास हिशेबाने किती तास लागतील?
४. घरात सेलवर चालणाऱ्या वस्तूंची यादी करा व कोणत्या वस्तूस कोणता सेल योग्य, ते कारणासह लिहा.