सीट हलेना, मॉड्यूल बदलायचे?

प्रश्न : पावसात गाडीत पाणी शिरले. तेव्हापासून ड्रायव्हरची पॉवर सीट कुठल्याच दिशेला हलत नाही. मेकॅनिक म्हणतो, मॉड्यूल गेले. बदलावे का? – एक वाचक, डोंबिवली (पूर्व)

उत्तर : एवढ्यात नको. सीट हलत नाही म्हणजे मॉड्यूलच गेले, असे नसते. सगळ्याच हालचाली एकदम थांबल्या असतील, तर आधी फ्यूज, सीटखालचे कनेक्टर आणि अर्थिंग तपासून घ्या. ओल्या कार्पेटमुळे पिनांवर हिरवट गंज चढतो. तो साफ केल्यावर सीट पुन्हा चालू होऊ शकते. बॅटरीही पाहा : इंजिन बंद असताना सुमारे 12.6 व्होल्ट हवेत.

मग मेकॅनिकला मल्टिमीटर लावायला सांगा. बटण दाबल्यावर मोटरपर्यंत पूर्ण व्होल्टेज पोहोचते, अर्थिंगही ठीक आहे, तरी ती फिरत नाही, तर दोष मोटरचा. मॉड्यूलला वीज, अर्थिंग आणि बटणाचा सिग्नल मिळूनही पुढे काहीच जात नसेल, तरच मॉड्यूलवर संशय घ्या.

सावधान : सीटखालची पिवळी वायर सहसा एअरबॅगची असते. तिला मल्टिमीटर लावू नका. कोणताही कनेक्टर काढण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवून काही मिनिटे थांबा.

कॉम्प्रिहेन्सिव्ह विमा असेल तर दुरुस्तीआधी कंपनीला कळवा. तपासणीचे आकडे हाती आल्याशिवाय नव्या मॉड्यूलचे पैसे देऊ नका.