विमानाच्या पंखाची झडप

एवढे जड विमान आकाशात राहते तरी कसे? आपण पाहू.

वाऱ्याच्या दिवशी सूप हातात सपाट धरा. वारा वरून-खालून निघून जातो. आता वाऱ्याकडची कड थोडी उचला. सूप वर ओढ घेते. विमानाच्या पंखाचे तसेच आहे. पंख हवेला खाली लोटतो, हवा पंखाला वर उचलते. या जोराला आपण 'उचल' म्हणू. वेग जास्त, तर उचल जास्त.

पण उतरताना वेग कमी करावा लागतो. मग उचलही कमी होते. आता काय करायचं? वैमानिक विमानाचे नाक थोडे वर करतो. पण त्याला मर्यादा आहे, बरं का! पंख येणाऱ्या हवेशी साधारण 15 अंशांहून जास्त तिरपा झाला, की वरच्या अंगाची हवा पंखाला धरून वाहत नाही. ती सुटते, तिचे भोवरे होतात. उचल एकदम घटते. विमान खाली येऊ लागते. याला 'स्टॉल' म्हणतात. इंजिन नीट चालू असले तरी हे घडते.

म्हणून पंखाच्या मागच्या कडेला झडपा असतात. त्यांना 'फ्लॅप' म्हणतात. झडप खाली वळवली, की पंखाचा बाक वाढतो आणि कमी वेगातही पुरेशी उचल मिळते. मात्र हवेचा अडथळाही वाढतो. म्हणून उडताना झडपा थोड्याच खाली घेतात. वेग वाढला की आत घेतात. उतरताना बऱ्याच खाली सोडतात.

20 ऑगस्ट 2008 रोजी स्पेन देशातील माद्रिद येथून एक विमान निघाले. आत 172 माणसे होती. झडपा खाली घ्यायच्या राहिल्या. इशारा देणारा भोंगाही वाजला नाही. विमान जमिनीवरून उठले आणि लगेच कोसळले. 154 माणसे गेली.

उडण्यापूर्वी यादी वाचून एकेक गोष्ट पडताळायची असते. ती पडताळणी नीट झाली नव्हती, असे चौकशीत दिसले. जुना, जाणता वैमानिकही यादी वाचतो, ती यासाठीच. फवारणीच्या औषधाच्या डब्यावरचे प्रमाण आपणही दर वेळी वाचावे. पाठ आहे म्हणून वाचणे सोडू नये.

प्रश्न
1. झडप खाली केल्याने पंखात काय बदल होतो?
2. स्टॉल केव्हा होतो?