वाळूंतील निष्कलंक फूल

जें रोप राखावयाचें त्यास कुंपण घालावें आणि मग कोणी हात लावूं नये, असें बहुतेकांस वाटतें. ही समजूत सर्वत्र खरी नाहीं. ह्याचा एक दाखला अमेरिकेच्या फ्लॉरिडा प्रांतांत आहे, तो आम्ही वाचकांपुढें ठेवितों.

ह्या रोपास तिकडे 'लाकेलाची मिंट' म्हणतात. मिंट म्हणजे पुदिना. आपली तुळसही ह्याच कुळांतली होय. रोपाची उंची सुमारें हातभर. पान चुरगाळलें कीं उग्र वास सुटतो. शरद ऋतूंत त्यास फिकट जांभळीं फुलें येतात. परागकोशांस बारीक शिंगें असतात. माशीचा त्यांस धक्का लागला कीं पराग तिच्या अंगावर सांडतो. फिनलंडांत जन्मलेल्या ओल्गा लाकेला ह्या विदुषीनें १९६३ सालीं ह्याचें प्रथम शास्त्रीय वर्णन केलें. जवळच्या नात्यांतील जातींच्या पाकळ्यांवर ठिपके असतात, ह्याच्या पाकळ्यांवर नाहींत; म्हणून लॅटिन भाषेंत ह्याचें नांव 'इमॅक्युलाटा', म्हणजे निष्कलंक, असें पडलें.

फ्लॉरिडाच्या पूर्व किनाऱ्यालगत समुद्रानें प्राचीन काळीं टाकिलेल्या वाळूचा लांब उंचवटा आहे. त्यावर खुरट्या ओकांचें व पाईनांचें रान. त्यांतही व्हेरो बीच व फोर्ट पियर्स ह्या गांवांमधील सुमारें तीन मैल लांब व अर्धा मैल रुंद पट्टा, एवढेंच ह्याचें मुख्य घर. उंच जागा घरांस सोयीची आणि वाळूस गिऱ्हाईक तयार. तेव्हां रान झपाट्यानें नाहींसें झालें. १९८५ सालीं सरकारनें रोपास संकटग्रस्त ठरविलें.

पण उरलेलें रान नुसतें राखून भागत नाहीं. झुडपें दाटलीं, पाल्यानें वाळू झांकली, कीं बीं रुजत नाहीं. पूर्वीं मधून मधून विजेनें वणवा लागे. जुनीं रोपें त्यांत जळत, परंतु वाळू मोकळी होई आणि तींत राहिलेलें बीं उगवे. (आमच्या डोंगरांवर दरवर्षीं गवत पेटविणाऱ्यांनीं हा दाखला आपल्या बाजूचा समजूं नये, तेथें दोन वणव्यांमध्यें पुष्कळ वर्षें जात.) आतां भोंवतीं घरें झाल्यामुळें आग लावणें धोक्याचें, तेथें झुडपें करवतीनें तोडून वाळू उघडी करावी लागते.

दक्षिणेस होब साऊंड येथील राखीव रानांतही हीं रोपें नेऊन लाविलीं आहेत. नेलेलें रोप जगलें एवढ्यावर तेथील माणसें समाधान मानीत नाहींत. त्याच्या बियांतून वाळूंत आपोआप किती रोपें उगवलीं, हें गुडघे टेकून मोजावें लागतें.