तुमचा जुगाड ‘शोध’ आहे की फक्त सुधारणा? पेटंटआधी हे तपासा

मशीनमध्ये छोटासा बदल केला, काम झटपट व्हायला लागलं, की मनात येतं, ‘याचं पेटंट घेऊया का?’ फी भरण्याआधी ही खरी केस समजून घ्या.

मिर्झापूरला धातूची भांडी बनवणारा एक कारखाना होता. लेथवर भांडं घासताना ते हेडस्टॉकला चिकटवायचे किंवा चकमध्ये धरायचे. पकड ढिली पडली की भांडं उडायचं! कारखान्याने उपाय काढला. समोरून टेलस्टॉकच्या फिरत्या दट्ट्याने भांडं दाबून धरायचं. काम जलद, सुरक्षित आणि फिनिशिंगही छान. १९५१ चं पेटंट मिळालं.

पण नक्कल केल्याचा दावा लावला आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. १९७८ मध्ये निकाल आला: पेटंट टिकणार नाही. कारण टेलस्टॉकने जॉब दाबून धरणं लेथवर आधीपासून माहीत होतं. तेच भांड्यांसाठी वापरणं ही वर्कशॉपमधली सुधारणा, शोध नव्हे.

यातून दोन धडे. एक, वस्तू उपयोगी आहे एवढं पुरेसं नाही. दोन, सर्टिफिकेट मिळालं म्हणजे पेटंट पक्कं झालं असं नाही. ते टिकेलच याची हमी कायदा देत नाही.

मग स्वतःला हे तीन प्रश्न विचारा:

१. हीच अडचण चांगल्या टर्नर-फिटरला दिली, तर तो नेहमीच्या कामातून हाच उपाय काढेल का?

२. मी फक्त दोन माहितीतल्या वस्तू शेजारी जोडल्यात का? प्रत्येक भाग आपलं जुनंच काम करत असेल, तर भारतीय कायद्यात तो शोध धरत नाहीत.

३. एकत्र आल्यावर असं काही घडतं का, जे जाणकारालाही अपेक्षित नव्हतं?

पहिल्या दोघांना ‘नाही’ आणि तिसऱ्याला ‘हो’ आलं, तर पेटंट एजंटला जरूर भेटा. फसलेले प्रयोग, रेखाचित्रं, तारखा वहीत जपून ठेवा. उपाय एकदा दिसला की सगळ्यांनाच सोपा वाटतो, तेव्हा ही वहीच कामाला येते. आणि अर्ज करण्याआधी त्याचा व्हिडिओ कुठेही टाकू नका!

उत्तरं उलटी आली? नाराज होऊ नका. वस्तूचं रूप वेगळं असेल तर डिझाइन नोंदणी आहे, नावासाठी ट्रेडमार्क आहे. शिवाय वाचलेले पैसे माल बाजारात न्यायला वापरा. धंदा पेटंटशिवायही चालतो, गिऱ्हाइकाशिवाय नाही.